चित्रात आम्ही, चित्रासमोर कोण?

चित्रकलेवर लिहायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मी जे. जे.त शिकलो नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो, तुटलेले धागे सांधतो, पाळी सुटल्यावर कविता लिहितो. या अंकाची स्टेन्सिलं कापतो. चौदा एप्रिलच्या आधी दोन आठवडे वस्तीतल्या भिंती आणि कापडी बॅनर रंगवतो. ब्रश हातात धरणाऱ्याला चित्रकार म्हणायचं की पेंटर, हे ज्यांनी ठरवलं ते आपले कुणी लागत नाहीत. तेव्हा त्यांची परवानगी मागायचं कारण नाही.

दोस्तांनो, साहित्याबद्दल आपण पन्नास वर्षं भांडलो. कुणाची भाषा, कुणाचं सौंदर्य, कुणाची अभिरुची, हे सगळं आपण प्रस्थापितांच्या तोंडावर विचारलं. 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि पांढरपेशा वाचकाला त्याच्याच शहराचा नकाशा नव्यानं बघावा लागला. पण चित्राबद्दल आपण गप्प बसलो. चित्र म्हंजे मोठ्या लोकांची चैन, आपला संबंध नाही, असं म्हणून सोडून दिलं. आपण सोडलं, त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या चित्रात आपण आहोत. पाटी वाहणारी बाई आपली आहे, हातगाडी ओढणारा आपला आहे, लोकलच्या दारात लोंबकळणारा आपला आहे. म्हणून हा हिशोब मागायचा आहे : चित्रात आम्ही, मग चित्रासमोर कोण?

एक

ते म्हणतात कला सगळ्यांची असते. उदाहरण देतात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली काळा घोड्याला सुरू झाली आणि तिथं आजही तिकीट नाही. मान्य. पण तिकीट नसलं म्हणजे दार उघडं असतं असं नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरालाही तिकीट नव्हतं. तरी १९३० साली बाबासाहेबांना तिथं सत्याग्रह करावा लागला.

दार कसं बंद असतं ते सांगतो. दक्षिण मुंबईतल्या एका खाजगी गॅलरीत गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. पाठीला सॅक, पायात चप्पल. दारातला वॉचमन म्हणाला, "कुणाचं पार्सल?" मी म्हणालो, चित्रं बघायला आलोय. तो गोंधळला. आत फोन केला, मग सोडलं. आत भिंतभर मोठं चित्र, त्यात डोक्यावर ओझं घेतलेली माणसं. भिंतीवरच्या मजुराला वरून दिवा लावलेला होता, आणि दारात आलेल्या मजुराला पार्सल विचारत होते. वॉचमनवर माझा राग नाही. तो बारा तास उभा असतो, आणि कोण आत यायचं असतं हे त्याला बघून बघून पाठ झालंय. त्याला हे पाठ करून देणाऱ्या व्यवस्थेवर राग आहे.

बऱ्याच खाजगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात. इतर दिवशी अकरा ते सात. म्हणजे ज्याला एकच सुट्टी असते त्यानं येऊच नये असा हा टाइमटेबल. कुणी मुद्दाम केलाय असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायची गरजच पडली नाही, आपण त्यांच्या हिशोबातच नव्हतो.

दोन

आता पैशाचं बघू. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनचं 'ग्राम यात्रा' हे १९५४ सालचं चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेलं. आपल्या पैशात ११८ कोटींच्या आसपास. जवळजवळ चौदा फूट लांब चित्र, त्यात खेड्यातली तेरा छोटी दृश्यं. हे चित्र कितीतरी वर्षं नॉर्वेत ओस्लोच्या एका इस्पितळात टांगलेलं होतं.

हुसेन आपल्याला परका नाही. सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलेला माणूस. शिडीवर चढून वीस फुटी हिरॉईन रंगवणाऱ्याचे खांदे कसे भरून येतात, हे बॅनर रंगवणाऱ्याला कळतं. १९४७ साली मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला त्यात सुझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे होते आणि आरा होता. के. एच. आरा लोकांच्या घरी काम करायचा, गाड्या धुवायचा. म्हणजे भारतातल्या आधुनिक चित्रकलेचा पाया घालताना त्यात मोटार धुणाऱ्याचा हात होता. आणि हुसेनला म्हातारपणी देशाबाहेर राहायला भाग पाडणाऱ्यांच्या रांगेत आपण कधी उभे नव्हतो, उभे राहणार नाही. हे आधी स्पष्ट करतो. कारण पुढं जे बोलणार आहे ते त्या लोकांनी उचलून आपल्या झोळीत टाकू नये.

प्रश्न असा की 'ग्राम यात्रे'तलं ग्राम कुठलं? बायका आहेत, जनावरं आहेत, बैलगाडी आहे, शेतकरी आहे. स्वातंत्र्य नुकतं मिळालंय आणि चित्रकाराला वाटतंय खरा देश खेड्यात आहे. त्या काळी सगळ्यांनाच तसं वाटत होतं. फक्त एका माणसाला वाटत नव्हतं. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना उभं-आडवं घेतलं होतं. ते खेड्यात राहिलेल्या आणि खेड्यानं बाहेर ठेवलेल्या माणसाचं बोलणं होतं. हुसेनच्या खेड्याला गावकूस नाही. पाणवठा एकच आहे की दोन, हे त्या चित्रात विचारता येत नाही. रंग छान आहेत, रेषा जिवंत आहे, हुसेनची रेषा मला नेहमीच आवडते. पण जे खेडं ११८ कोटीला विकलं जातं ते गावकूस वगळलेलं खेडं आहे, एवढं तरी लिहून ठेवलं पाहिजे. आपल्या कला-समीक्षकांनी ते लिहिलं पाहिजे होतं. ते आकड्यापुढं टाळ्या वाजवत बसले.

तीन

दुसरं चित्र घ्या. तय्यब मेहतांचं 'ट्रस्ड बुल', पाय बांधून पाडलेला बैल. सन १९५६. एप्रिल २०२५ मध्ये ते ६१ कोटी ८० लाखाला गेलं. तय्यब मेहतांनी फाळणीच्या दंगलीत माणूस मरताना बघितला होता, वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन बैल बघितले होते. १९७० साली 'कूडल' नावाची फिल्म केली त्यातही तो कत्तलखाना आहे. एवढं बळ असलेलं जनावर, आणि दोरीनं आवळून त्याचा नुसता गोळा केलेला. त्यांनी त्यात सगळ्या माणसाचं दुःख बघितलं. हा बैल खोटा नाही. मी छापील चित्र बघितलं तरी पोटात कालवलं.

पण माझ्या बापाच्या बापाला तो बैल प्रतीक म्हणून कधी भेटला नाही. मेल्यावर भेटला. ओढून न्यायचा, सोलायचा, कातडं काढायचं. प्रतीक पाटलाचं, मढं आमचं. १९५६ सालीच नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांत लोकांनी मेलेली जनावरं ओढायची नाही म्हणून हात वर केले. एकाच साली एकानं बैल रंगवला आणि लाखोंनी बैल सोडला. पहिल्या गोष्टीची किंमत लिलावात कळली. दुसऱ्या गोष्टीची किंमत गावोगाव बहिष्कार सोसून मोजली गेली, तिची पावती नाही.

आणि ज्यांनी सोडलं नाही त्यांचं काय झालं? ११ जुलै २०१६. गुजरातेत उन्याला मेलेलं जनावर सोलणाऱ्या पोरांना उघडं करून मारलं, व्हिडिओ काढला, तो त्यांनी स्वतःच फिरवला. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या माणसांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून आणली आणि कलेक्टर कचेरीपुढं टाकली. तुमची माता आहे ना, आता तुम्हीच उचला.

गॅलरीत वस्तू मांडून ठेवतात त्याला मांडणशिल्प म्हणतात. त्यावर कॅटलॉग निघतो. सुरेंद्रनगरला जे मांडलं गेलं त्याचा कॅटलॉग निघाला नाही. ते कला म्हणून केलेलं नव्हतं, आणि मीही त्याला कलेचं लेबल चिकटवून स्वस्त करणार नाही. पण कलेनं काय करायला पाहिजे याचा तो धडा आहे. जे सगळ्यांना माहीत असून कुणी बघत नाही, ते उचलून बघणाऱ्याच्या दारात ठेवायचं. वासासकट.

चार

कॅटलॉगची भाषा हे आणखी एक लफडं आहे. इंग्रजीत असतं तेव्हा वाचता येत नाही, मराठीत असतं तेव्हा कळत नाही. अवकाश, प्रतिमान, अमूर्ताचा शोध. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये लय सांगितली : संवाद, विरोध, समतोल. तिच्यावर दोन पिढ्या पोसल्या. वाईट सांगितलं असं नाही. रेषेला रेषा भिडते, रंगाला रंग नडतो, शेवटी तोल साधतो, हे खरंच आहे. पण आपल्या जगण्यात विरोध आहे आणि समतोल नाही, तर मग आमचं चित्र सुंदर कसं व्हायचं? समतोल नसलेल्या जगातनं समतोल असलेलं चित्र काढणं हे मला खोटं बिल फाडल्यासारखं वाटतं.

आणि एक शब्द आहे : पोत. चित्राचा पोत. समीक्षकांचा लाडका शब्द. अरे, पोत आम्हाला शिकवता? चाळीस नंबरचं सूत म्हणजे एका रत्तलात ८४० वारांच्या चाळीस लडी. नंबर वाढला की सूत बारीक. बोटाच्या पेरानं सूत जाडं-बारीक चाललंय हे अंधारात सांगता येतं. कॅनव्हासला जाडं, दमदार सूत लागतं, घट्ट विणलेलं, नाहीतर रंगाचं वजन पेलत नाही. तुमच्या चित्राच्या खाली जे कापड आहे ते कुणीतरी कातलंय, कुणीतरी विणलंय. चित्राखाली वहीत लिहितात : ऑईल ऑन कॅनव्हास. ऑईल कुणाचं ते कळतं, खाली सही असते. कॅनव्हास कुणाचं ते कळत नाही.

या कापडाला जातही आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नव्हते. धोट्यातली नळी संपली की नवा धागा तोंडानं ओढावा लागायचा, थुंकी लागायची, म्हणून विटाळ. साचेखात्याचा पगार जास्त, म्हणून तिथं बंदी. आपल्या माणसांना कातायच्या खात्यात ठेवलं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? म्हणजे ज्या कापडावर हा देश रंगवला गेला, ते विणायला आपल्याला मनाई होती. कुणी पोतावर निबंध लिहिणार असेल तर सुरुवात इथनं करा.

पाच

कामगाराचं चित्र मनापासून कुणी काढलं असेल तर सुधीर पटवर्धनांनी काढलं. ठाण्याला एक्स-रे काढणारे डॉक्टर. माणसाला आतनं बघायचा धंदा आणि बाहेरनं बघायचा छंद. १९७७ चं 'इराणी रेस्टॉरंट', १९७७ चीच 'धावणारी बाई', १९८१ चं 'मे दिनाचा अपघात', मग २००१ चं 'लोअर परळ'. त्यांच्या माणसाला वजन आहे. तो गरीब म्हणून वाकलेला नाही, फोटोसाठी हसत नाही. तो उभा आहे आणि त्याच्या उभं राहण्याला जागा लागते. चित्रात जो आहे त्याला ते चित्र आपलं वाटलं पाहिजे, ही काळजी या माणसानं कायम वाहिली. २००८ साली त्यांनी समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं, गावोगाव लोकांशी बोलले. असा उद्योग दुसऱ्या कुठल्या नावाजलेल्या चित्रकारानं केल्याचं मला आठवत नाही. त्यांना सलाम.

तरीही हिशोब चुकता करायचाच. 'लोअर परळ' २००१ सालचं. त्याच साली गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला. १९९१ च्या नियमात जमीन तीन वाटे व्हायची होती : शहराला, म्हाडाच्या घरांना, मालकाला. २००१ मध्ये तो वाटा फक्त मोकळ्या जागेला लागू केला आणि बांधकामाखालची जमीन मालकाच्या घशात गेली. २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेले अडीच लाख कामगार, त्यांच्या घामाची जमीन, आणि तिथं मॉल. पटवर्धनांच्या चित्रात हा बदल दिसतो, शहर पोटातनं फाटताना दिसतं. कामगाराचा वर्ग दिसतो. जात दिसत नाही. चाळीत कुठल्या खोल्या कुणाच्या, पुलाखालनं झाडू घेऊन कोण येतो, हे दिसत नाही. ही त्यांच्या एकट्याची उणीव नाही, सगळ्या डाव्या डोळ्याचीच ती उणीव आहे. १९२८ साली जे विचारलं तेच पुन्हा विचारावं लागतं.

सहा

मग आपले लोक काय करतात? करतात, आणि जोरात करतात.

नागपूरचे सवी सावरकर. गळ्यात मडकं, कमरेला झाडू असलेला माणूस त्यांनी उभा केला. पेशवाईतली ही गोष्ट आपण भाषणांत हजारदा ऐकतो, ऐकून ऐकून गुळगुळीत झालीय. सावरकरांच्या कोरीव, काळ्या रेषेत ती पुन्हा खरबरीत होते. देवदासीही तशीच. तिथं दया नाही, सुशोभन नाही. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस फोटोतनं सरळ तुमच्याकडं बघतो, आणि तुम्ही नजर खाली घालता. विक्रोळीचा विक्रांत भिसे चळवळीचाच इतिहास रंगवतो, मोर्चे, निळे झेंडे, गर्दीतले चेहरे. अमोल पाटीलचे आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटकं लिहिणारे. तो ते सगळं आवाजात, हालचालीत, चाळीच्या भिंतीत शोधतो, आणि २०२२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटापर्यंत ते घेऊन गेला. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीच्या गावातला प्रभाकर पाचपुते खाणकामगार काढतो, आणि काढतो कोळशानंच. ज्यानं फुफ्फुसं काळी केली त्यानंच रेष काळी केली. याहून सरळ बोलणं मला माहीत नाही.

यांतल्या प्रत्येकाची जात, पंथ, झेंडा एक आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा डोळा खालून वर बघणारा आहे, एवढं म्हणतो.

पण आता धोका ऐका. दहा वर्षांपूर्वी ज्या भिंती आपल्याला ओळखत नव्हत्या त्या आता आपल्याला शोधत यायला लागल्यात. आर्ट फेअरमध्ये 'दलित आर्ट' असा कप्पा पडायला लागला. आनंद आहे. कलावंताचं घर चाललं पाहिजे, उपाशी राहून क्रांती होत नसते. पण बाजाराला आपली जखम पाहिजे असते, विचार नको असतो. जखम दिवाणखान्यात टांगता येते. विचार टांगता येत नाही, तो टांगणाऱ्यालाच प्रश्न विचारतो. आत्मकथनांचं काय झालं ते आठवा. वाचून त्यांचे डोळे पाणावले, आणि डोळे पुसून झाल्यावर घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळाच राहिला. उद्या आपल्याच पोरांना कुणीतरी सांगेल, अजून थोडं दुःख टाक, अजून थोडा झाडू दाखव, विकलं जाईल. मग आपण पुन्हा तेच काम करू : मेलेलं ओढायचं आणि त्यांच्या दारात नेऊन सोलायचं. म्हणून मी म्हणतो, आपल्या चित्रकारानं फूल काढावं, नदी काढावी, अमूर्त काढावं, नुसता निळा रंग फासावा. आऱ्यानं गाड्या धुतल्या आणि फुलदाण्या रंगवल्या. त्याला कुणी विचारलं नाही की फडकं का नाही रंगवलंस. तेवढी मोकळीक आपल्याला पाहिजे. सुंदर काही काढायचा हक्क हा पाणवठ्याच्या हक्कासारखाच हक्क आहे.

सात

आता आपल्या घरातलं बोलू. नाहीतर म्हणाल, दुसऱ्यांनाच झोडपतो.

आपली खरी कला-परंपरा रस्त्यावर आहे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते राजवाड्यातल्या तसबिरींमुळं तर म्हणतातच, पण नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांमुळंही म्हणतात. बाबूराव पेंटर मेस्त्रीचं पोरगं. पडदे रंगवले, कॅमेरा स्वतः बनवला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यातला शेतकरी सावकारापायी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीत कामाला लागतो. शंभर वर्षांपूर्वी एका पेंटरनं आपली गोष्ट पडद्यावर टाकली होती. त्याच कोल्हापुरात बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना. त्यामागं असलेले माधवराव बागल हे स्वतः चित्रकार होते. जे. जे.त शिकून आलेला माणूस, त्यानं चौकाची भिंत निवडली.

शिकलेली माणसं आपल्या निळ्या कोटातल्या पुतळ्यांना हसतात. प्रमाण चुकलंय, चष्मा मोठा झालाय, बोट जाडं आहे. हसू द्या. मी त्यांना एकच विचारतो : तुमच्या गॅलरीतल्या कुठल्या शिल्पासाठी माणसं मेली? ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याला चपलांचा हार घातला, लोक रस्त्यावर आले, गोळीबारात दहा माणसं गेली. तामिळनाडूत कित्येक पुतळ्यांभोवती लोखंडी पिंजरे घालावे लागलेत. ज्या आकृतीला शत्रू इतका घाबरतो तिच्यात काहीतरी जोर आहे, हे सौंदर्यशास्त्रात कुठल्या पानावर बसवायचं ते विद्वानांनी बघावं. आणि इंदू मिल. गिरणीच्याच जमिनीवर, ६ डिसेंबर २०११ ला माणसं आत घुसून बसली म्हणून ती जागा मिळाली. तिथं राम सुतारांच्या आराखड्याचा पुतळा, शंभर फूट चौथरा, त्यावर साडेतीनशे फूट. गिरणी कामगाराला या उंचीचा अभिमान वाटतो. आणि मनात हेही येतं की त्या पायथ्याला एखादी खोली अशी असावी, जिथं त्या गिरणीत राबलेल्या हातांची चित्रं असतील.

पण आपल्या वस्तीत काय चाललंय? २००० नंतर फ्लेक्स आलं आणि हातानं रंगवणारे पेंटर एकेक करून बसले. कुणी रिक्षा घेतली, कुणी नंबर प्लेटी रंगवत राहिला. फ्लेक्सवर बाबासाहेब कोपऱ्यात आणि वाढदिवसवाले, इच्छुक, भावी मिळून पंचवीस चेहरे मध्ये. बाबासाहेबांचा फोटो एकच, तोच, पुन्हा पुन्हा, मशीननं ओढलेला, कधी कधी रुंदीला ताणून चेहरा चपटा केलेला. हातानं बॅनर रंगवताना मला त्या चेहऱ्याशी दोन रात्री बसावं लागतं. कपाळ किती, डोळ्याखालची सावली किती, थकवा किती. त्या दोन रात्रींत मी त्या माणसाबद्दल जे शिकतो ते दहा भाषणांत शिकत नाही. फ्लेक्सवाल्याचं ते पंधरा मिनिटांत होतं आणि तो काहीच शिकत नाही. ज्या समाजाला बघण्याचीच बंदी होती, सावलीचीही बंदी होती, त्या समाजानं आपली बघायची ताकद प्रिंटिंग मशीनला भाड्यानं दिली, हे दुखतं.

शाळेतही बघा. इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्र असतं : तांब्या, वांगं, मागं कापड. पोरं तांब्याची कड गोल काढायला शिकतात, चकाकी कुठं सोडायची ते शिकतात. हा तांब्या कुणाच्या घरात कुणाला शिवू देत नव्हते, हे चित्रकलेच्या तासाला कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर त्या पोरांनी चकाकी वेगळी काढली असती.

आठ

तक्रार करून थांबणं आपल्या परंपरेत नाही. म्हणून काही मागण्या. गॅलरीवाल्यांना : रविवारी दार उघडा, रात्री आठपर्यंत ठेवा. चित्राखाली मराठीत चार ओळी लिहा, माणसाला कळतील अशा. वॉचमनला आधी सगळी चित्रं दाखवा, म्हणजे तो येणाऱ्याला पार्सल विचारणार नाही. समीक्षकांना : किंमत सांगण्याआधी चित्रात कोण आहे आणि कोण नाही ते सांगा. आपल्या चित्रकारांना : विका, जरूर विका, पण वर्षातनं एकदा चित्र घेऊन वस्तीत या. बुद्धविहारात टांगा, समाजमंदिरात टांगा. लोक काय बोलतात ते उभं राहून ऐका. शिव्या पडल्या तरी ऐका. एखादी म्हातारी म्हणेल, "बाई हाय का भूत?" तिचं उत्तर द्यायची तयारी ठेवा. जयंती कमिट्यांना : दहा फ्लेक्स लावता त्यातले नऊ कमी करा, एक भिंत हातानं रंगवून घ्या, आणि रंगवणाऱ्याला पैसे वेळेवर द्या.

आणि आपल्यासाठी, या पानांसाठी. स्टेन्सिलवर चित्र काढणं सोपं नसतं. लोखंडी लेखणी जरा जोरात दाबली की मेणकागद फाटतो आणि सगळी शाई तिथनं फुटते. हळू दाबली तर रेष उमटतच नाही. जाड छटा देता येत नाही, रंग नाही, पुसता येत नाही. फक्त रेष. म्हणून खोटं बोलायला जागा नाही. पुढच्या अंकापासून एक पान चित्राचं ठेवा. त्यावर कवितेची सजावट नको, पान पूर्ण चित्राचं. वीटभट्टीवरनं पाठवा, लूमवरनं पाठवा, हॉस्टेलवरनं पाठवा. आकार चुकला तरी चालेल. स्टेन्सिल मी कापतो. खाली नाव ज्याचं त्याचं राहील, आणि पहिली प्रत चित्रात जो माणूस असेल त्याच्या हातात जाईल. तो काय म्हणाला, ते त्याच्या पुढच्या अंकात छापू. तीच आपली समीक्षा.